इमर्जन्सीचा वार आणि घरचे तान्हे : ग्रामीण विदर्भातील निवासी डॉक्टर आई-वडिलांसाठी

माझा मुलगा सात महिन्यांचा असताना ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंना गावी परतावे लागले. सोयाबीन कापून शेतात पडले होते, आभाळ रोज दुपारी भरून येत होते, मळणीयंत्र दोनच दिवसांसाठी मिळणार होते आणि मजुरांचा स्वयंपाक पाहणारे घरात दुसरे कोणी नव्हते. त्याच आठवड्यात आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात डेंग्यू, सर्पदंश आणि फवारणीतून विषबाधा झालेल्या रुग्णांची एवढी गर्दी होती की जमिनीवरही गाद्या टाकलेल्या होत्या, आणि युनिटमधला (एकत्र वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरांच्या गटातला) एक सहकारी स्वतःच तापाने पडला होता. मी रजा मागू शकत नव्हते, सासूबाई थांबू शकत नव्हत्या, आणि दोघींचेही कारण तितकेच खरे होते.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेताना, म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात काम करत शिकताना, मूल कसे वाढवावे याविषयीचा बहुतेक सल्ला शहरातल्या घरांना धरून दिलेला असतो. ग्रामीण विदर्भात मुलाला सांभाळणारे हात बहुधा शेतात राबणारेही असतात, आणि शेताची घाई ज्या महिन्यांत असते त्याच महिन्यांत रुग्णालयही भरते. या एका गोष्टीची दखल घेऊन आधीच आखणी केली, तर या शिक्षणाची तीन वर्षे कठीण असली तरी निभावता येतात, असा माझा अनुभव आहे. पुढील पायऱ्या त्या अनुभवातून आणि नंतर माझ्याकडे विचारणा करणाऱ्या धाकट्या सहकाऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून तयार झाल्या आहेत. त्या आईइतक्याच वडिलांसाठीही आहेत.

पहिली पायरी : शेताचे आणि वॉर्डाचे वर्ष एकाच कागदावर मांडा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे बारा महिने एका मोठ्या कागदावर आडवे लिहा. वरच्या ओळीत घरच्या शेतीची कामे भरा, आणि ती स्वतःच्या अंदाजाने न भरता सासरी व माहेरी फोन करून विचारून भरा, कारण कोरडवाहू आणि ओलिताच्या शेतीचे वेळापत्रक वेगळे असते. साधारणपणे जून-जुलैत पेरणी आणि डवरणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निंदण व फवारणी, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरअखेर सोयाबीनची काढणी, त्यानंतर जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी आणि मध्येच तुरीची सोंगणी असा क्रम असतो. फेब्रुवारी ते मे हा काळ बहुतेक आजी-आजोबांना त्यातल्या त्यात मोकळा असतो, मात्र लग्नसराई त्याच काळात येते. पोळा आणि महालक्ष्म्यांचे दिवसही या ओळीत लिहा, कारण महालक्ष्म्या ज्या घरी बसतात त्या घरची थोरली बाई त्या तीन दिवसांत कुठेही जाऊ शकत नाही, आणि तिने जावे असे म्हणणेही योग्य नाही.

खालच्या ओळीत रुग्णालयाचे वर्ष लिहा. पाऊस सुरू झाला की सर्पदंश, विंचूदंश आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. पावसाळा सरत आला की डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस यांची भर पडते. फवारणीच्या महिन्यांत विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधांनी किती शेतकरी-मजुरांचे प्राण घेतले हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उष्माघाताचे रुग्ण येतात. बालरोग, स्त्रीरोग, शल्यचिकित्सा अशा प्रत्येक विभागाची भरती वेगळी असते, म्हणून आपल्या विभागातील जेआर-३ ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, शेजारी बसवून ही ओळ भरून घ्यावी. तिसऱ्या ओळीत विद्यापीठाची परीक्षा, थीसिसच्या (प्रबंधाच्या) तारखा आणि जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयात काम करण्याचे, तीन महिने येतील.

कागद पूर्ण झाला की जे महिने तिन्ही ओळींत भरलेले दिसतील, त्यांना लाल खूण करा. बहुतेकांच्या कागदावर ऑगस्ट ते नोव्हेंबर लाल होईल. या महिन्यांसाठी आजीच्या भरवशावर न राहता पगारी मदतीची सोय करावी, आणि आजीला फेब्रुवारी ते मे या काळात बोलवावे. ज्यांच्यासाठी बाळाची वेळ ठरवणे शक्य आहे त्यांनी प्रसूतीचा महिना पाहण्याबरोबरच प्रसूती रजा कोणत्या महिन्यात संपते हेही पाहावे. रजा फेब्रुवारीत संपली, तर कामावर परतण्याचे पहिले तीन महिने, जे सर्वात अवघड असतात, ते घरातल्या माणसांच्या सोबतीने जातात. रजा ऑगस्टमध्ये संपली, तर बाहेरची मदत जूनमध्येच शोधून ठेवावी लागते. मूल होणे असे नेमके ठरवता येत नाही हे आपल्यासारख्या डॉक्टरांना कोणी सांगायला नको, पण जेथे थोडीशी निवड आपल्या हाती असते तेथे ती डोळे उघडे ठेवून करावी.

दुसरी पायरी : नियम वाचून हाताशी ठेवा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांत निवासी डॉक्टरांना वाजवी कामाचे तास आणि दिवसातून वाजवी विश्रांती द्यावी असे लिहिले आहे. वर्षाला किमान २० दिवसांची भरपगारी किरकोळ रजा, कामाच्या निकडीस अधीन राहून आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला ५ दिवसांची शैक्षणिक रजा त्यात आहे. प्रसूती रजा आणि पितृत्व रजा दोन्ही ‘प्रचलित शासकीय नियमांनुसार’ मिळतात. महाविद्यालयाने निवासाची सोय करणे बंधनकारक आहे, परंतु विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहिले पाहिजे असे बंधन नाही. लहान मूल असलेल्यांसाठी ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे अनेकजण पहिले वर्ष बाळापासून दूर, वसतिगृहाच्या खोलीत काढतात.

कामाच्या तासांविषयी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे १९९२ चे निर्देश आहेत. त्यांत सलग ड्युटी सर्वसाधारणपणे १२ तासांहून अधिक असू नये आणि पाळीपाळीने आठवड्याची सुट्टी मिळावी असे म्हटले आहे. प्रत्यक्ष स्थिती काय आहे ते वॉर्डातले प्रत्येकजण जाणतो. तरीही हा कागद जवळ असावा असे मला वाटते, कारण विनंती करताना आपण कृपा मागत आहोत ही भावना त्यामुळे राहत नाही.

रजेचा एक परिणाम आधीच समजून घ्यावा. अनुज्ञेय रजेपेक्षा जेवढे दिवस अधिक होतात तेवढ्या दिवसांनी प्रशिक्षणाचा कालावधी वाढतो, आणि परीक्षेसाठी ८० टक्के हजेरी आवश्यक असते. त्यामुळे परीक्षा पुढच्या सत्रात जाऊ शकते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली असून त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. परंतु आपल्या महाविद्यालयात निवासी डॉक्टरांना नेमका कोणता नियम लागू होतो, विद्यावेतन चालू राहते की नाही आणि मुदत किती वाढते, हे आस्थापना शाखेकडून परिपत्रकाच्या प्रतीसह लेखी घ्यावे. वरिष्ठांनी तोंडी सांगितलेले खरे असेलही, पण विभागप्रमुख बदलले की तोंडी शब्दाला आधार राहत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले आणि दोन महिने पत्रव्यवहारात गेले.

तिसरी पायरी : वेळेवर आणि लेखी कळवा

अनेकजणी पाचव्या महिन्यापर्यंत गर्भधारणा लपवतात. त्यामागची भीती मी समजू शकते, कारण ‘पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) आल्याबरोबर?’ हा प्रश्न मलाही विचारला गेला होता. पण पहिल्या तीन महिन्यांतच काही कामे टाळणे सर्वात गरजेचे असते. कॅथलॅब, फ्लोरोस्कोपी, ऑर्थोपेडिक शस्त्रक्रियेतील सी-आर्म अशा क्ष-किरण वापरल्या जाणाऱ्या ठिकाणी काम असेल, तर गर्भधारणा कळताच विभागप्रमुख आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी यांना लेखी कळवावे आणि अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या टीएलडी बॅजची नोंद पाहावी. कर्करोगाची औषधे मिसळणे आणि वायू बाहेर काढण्याची नीट सोय नसलेल्या शस्त्रक्रियागृहात भुलीच्या वायूंत दीर्घकाळ थांबणे, हेही टाळावे.

अर्ज साधा असावा. ‘माझी अपेक्षित प्रसूतीची तारीख अमुक असून अमुक तारखेपासून प्रसूती रजा मंजूर व्हावी, तोपर्यंत किरणोत्सर्ग असलेल्या ठिकाणी माझी नेमणूक करू नये, मी परत येण्याची अपेक्षित तारीख अमुक आहे,’ एवढे तीन मुद्दे पुरेसे आहेत. आवक क्रमांक घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. सोबत्यांना मात्र कागद पाठवण्याआधी समोर बसून सांगावे. त्यांच्यावर काम वाढणार आहे, आणि ते त्यांना ड्युटी लिस्टवरून कळणे बरे नाही.

चौथी पायरी : सांभाळणारी माणसे तीन फळ्यांत उभी करा

पहिली फळी रोजच्या सांभाळाची. सासूबाई, आई, आत्या किंवा पगारी मावशी, यांपैकी एक माणूस. दुसरी फळी म्हणजे पहिली व्यक्ती आजारी पडली किंवा गावी गेली तर दोन दिवस सांभाळू शकेल असे माणूस; मावशी ठेवतानाच तिची बहीण किंवा जाऊ हिचीही ओळख करून घ्यावी आणि बाळाला तिची सवय व्हावी म्हणून महिन्यातून दोन दिवस तिला पगार देऊन बोलवावे. हा खर्च वाया जातो असे वाटते, पण तो वाया जात नाही. तिसरी फळी म्हणजे रात्री दोन वाजता फोन केला तर अर्ध्या तासात दारात येईल असे शेजारचे घर. आमच्यासाठी तसे घर क्वार्टर्समधल्या एका स्टाफ नर्सचे होते.

मावशी ठेवताना पगार, सुट्टीचा दिवस, दिवाळीचा बोनस आणि रात्रीच्या मुक्कामाचे वेगळे पैसे पहिल्याच दिवशी ठरवावेत. तिलाही मुले आहेत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तिला शेतातून किलोमागे जास्त मजुरी मिळू शकते, हे मनात धरून त्या महिन्यांचा पगार वाढवून द्यावा; ती न सांगता निघून गेली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हे गणित आपण केलेले नसते.

आजी गावाहून येणार असेल, तर एसटीचे वेळापत्रक पाहूनच ड्युटीचा विचार करावा. सकाळी आठला इमर्जन्सी (तातडीचे रुग्ण घेण्याची ड्युटी) सुरू होत असेल आणि गावातली मुक्कामी गाडी सहाला सुटून नऊला पोहोचत असेल, तर आजीने आदल्या संध्याकाळीच येणे भाग आहे. ऐनवेळी ‘गाडी लागली नाही’ हा निरोप आला की त्या दिवशी कोणाचाच इलाज चालत नाही.

आजीशी काही गोष्टी आदराने, पण स्पष्ट बोलून घ्याव्यात. उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजावे, घुटी द्यावी, मध चाटवावा असे तिला मायेनेच वाटते. ‘आई, सहा महिने त्याला पाणीसुद्धा नको, तहान दुधानेच भागते, मध वर्षभर नको, त्यातून होणारा विषार लहान बाळाला झेपत नाही, बाकी मालीश, आंघोळ, झोप तुम्ही म्हणाल तसे,’ असे मी सांगितले होते. ज्या गोष्टींत धोका नाही त्या तिच्यावर सोपवल्या, की ज्यांत धोका आहे त्या ती ऐकते. वॉर्डात दिवसभर शेकडो नातेवाइकांना समजावणारे आपण घरी एका वाक्यात हुकूम सोडतो, आणि मग वर्षभर कुरबूर चालते.

रुग्णालयातच पाळणाघर असावे ही मागणी एकट्याने न करता मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेमार्फत, परिचारिका आणि वर्ग चारच्या कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन करावी. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा, अशी तरतूद २०१७ च्या त्याच दुरुस्तीने आली. आपल्या शिक्षणाच्या तीन वर्षांत ते होईलच असे नाही, तरी अर्ज करून ठेवावा.

पाचवी पायरी : दुधाची व्यवस्था, आणि तीही विदर्भातल्या उन्हाळ्यात

कामावर परतण्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी दूध काढून ठेवण्याची सवय सुरू करावी. पंप विजेचा असो वा हाताचा, पण हाताने दूध काढण्याची पद्धत प्रत्येकीला यायला हवी, कारण भारनियमनाच्या वेळी आणि कॅज्युअल्टीच्या (अपघात विभागाच्या) मागच्या खोलीत तीच उपयोगी पडते. ड्युटीवर साधारण दर तीन तासांनी दूध काढावे. सलग सात-आठ तास काढले नाही तर स्तन दाटतात, ताप येतो आणि हळूहळू दूधही कमी होते. बसस्थानकांवर असतो तसा स्तनपानासाठीचा हिरकणी कक्ष आपल्या रुग्णालयात आहे का ते पाहावे. नसेल तर वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरशी बोलावे. मला तीन वर्षांत ज्यांनी एकदाही नाही म्हटले नाही, त्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या.

निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी काढलेले ताजे दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये उत्तम प्रतीने सहा महिने टिकते, हे आकडे आपण इतरांना सांगत असतो. मात्र एप्रिल-मे महिन्यात आपल्या वॉर्डाची किंवा घराची खोली २५ अंशांवर कधीच नसते, कूलर लावूनही नसते. म्हणून मार्च ते जून या काळात चार तासांचा नियम विसरून जावा आणि दूध काढल्याबरोबर बर्फाच्या पाकिटांसह जाड अस्तराच्या थंड पिशवीत ठेवावे. पाकिटे पूर्ण गोठलेली असतील, तर अशा पिशवीत ते २४ तासांपर्यंत चालते. माठातल्या पाण्याचा गारवा यासाठी पुरत नाही. लसींच्या आयएलआरमध्ये (लसी थंड ठेवण्याच्या खास फ्रिजमध्ये) दूध ठेवू नये. ती लसींसाठीच आहे आणि वारंवार झाकण उघडल्याने लसी बिघडतात.

एका डब्यात ६० ते ९० मिलीलिटरच ठेवावे, तारीख व वेळ लिहावी, आणि घरी मावशीला ‘जुने आधी’ हा एकच नियम शिकवावा. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून दूध कोमट करावे, गॅसवर उकळू नये. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे, म्हणजे बाटली उकळण्याचा व्याप राहत नाही आणि जुलाबांचा धोकाही कमी होतो. उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. वीज गेल्यास फ्रीझरचे दार उघडू नये. दार बंद राहिले तर गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत थंडावा धरतो, अर्धा भरलेला साधारण एक दिवस.

इतके करूनही दूध कमी पडले आणि बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे लागले, तर ते देताना स्वतःला अपराधी मानू नये. रात्रभर जागून एखाद्या अत्यवस्थ मुलाला सावरणाऱ्या आईने स्वतःला असे दूषण लावावे, हे मला कधी पटले नाही.

सहावी पायरी : युनिटमध्ये सावड करा

शेतात सावड असते. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या शेतात. ड्युटीची अदलाबदलही तशीच चालते आणि तिची नोंद ठेवली तरच टिकते. कोणी माझ्यासाठी कोणती रात्र केली, ती मी कधी फेडली, हे मी एका वहीत लिहीत असे, आणि प्रत्येक बदल युनिटच्या रजिस्टरमध्ये दोघांच्या सहीने नोंदवत असे. रजिस्टरमध्ये नोंद नसताना काही अघटित घडले, तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न दोघांनाही अडचणीत आणतो.

प्रत्येक युनिटचा इमर्जन्सीचा वार, म्हणजे तातडीचे रुग्ण घेण्याचा आठवड्यातला दिवस, ठरलेला असतो. आई-वडील दोघेही निवासी डॉक्टर असतील, तर दोघांचे इमर्जन्सीचे वार एकाच दिवशी आणि लागोपाठही येऊ नयेत, अशी युनिट बदलाची विनंती सत्राच्या सुरुवातीलाच करावी. एकाचा वार सोमवार असेल, तर मंगळवार त्याच्या पोस्ट-इमर्जन्सीचा असतो आणि तोही दिवस जवळजवळ इमर्जन्सीतच जातो. म्हणून दुसऱ्याचा वार गुरुवार किंवा शुक्रवार असणे सोयीचे. अशी विनंती सत्राच्या मध्यावर केली तर मान्य होणे कठीण असते.

सुट्ट्यांची निवड विचारपूर्वक करावी. दिवाळी सर्वांनाच हवी असते. मी दिवाळीच्या दोन रात्री स्वतःहून घेत असे, कारण त्या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते आणि मुलाला माझी उणीव कमी भासते. त्या बदल्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा मागून घेत असे. तो दिवस लहान मुलांचा, आणि त्यासाठी ड्युटी लिस्टवर कोणी भांडत नाही. लाकडी बैलाची दोरी धरून आळीभर फिरताना मुलाच्या सोबत मी होते, ही गोष्ट त्याला आजही आठवते.

रोजच्या दिवसातही एक ठरलेली वेळ राखावी. मुलाला आई-वडिलांच्या तासांची बेरीज करता येत नाही, पण रोज सकाळची आंघोळ आईच घालते किंवा रात्री वडीलच झोपवतात, हे त्याला पक्के कळते. ड्युटीवर जाताना त्याची नजर चुकवून निसटू नये. तो रडला तरी सांगून निघावे; पाठीमागून गुपचूप गेलेल्या आईला तो पुढचे आठ दिवस डोळ्यांआड होऊ देत नाही.

सातवी पायरी : घरी परतताना

फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण हाताळल्यावर आपल्या कपड्यांना आणि हातांना औषधाचा अंश लागलेला असू शकतो. क्षयरोग, गोवर, जुलाब यांचे रुग्ण तर रोजचेच. रुग्णालयातच हात-तोंड धुऊन कपडे बदलावेत, ड्युटीच्या चपला दाराबाहेर ठेवाव्यात, मगच बाळाला घ्यावे. मुलाच्या लसीकरणाच्या तारखा, म्हणजे जन्मतः, ६, १० व १४ आठवडे, ९ महिने आणि १६ ते २४ महिने, आधीच मांडलेल्या मोठ्या कागदावर लिहाव्यात. इतरांच्या मुलांची कार्डे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या घरीच गोवर-रुबेलाची तारीख टळलेली मी पाहिली आहे. रुग्णाला वापरलेली सुई आपल्याला टोचली तर स्तनपान चालू आहे हे एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही स्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवे.

झोपेविषयी मात्र मी आग्रहाने सांगते. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाचा प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो असे दिसून आले आहे, आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पोस्ट-इमर्जन्सीच्या दुपारी दुचाकीवरून वीस किलोमीटरवरच्या गावी बाळाला भेटायला निघणे म्हणूनच धोक्याचे आहे. आधी ड्युटी रूममध्ये दोन तास झोपावे किंवा एसटीने जावे. घरी पोहोचल्यावर बाळाला घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर पडू नये. अतिशय थकलेल्या आई-वडिलांच्या कुशीत बाळ गुदमरण्याचा धोका वाढतो. त्या दिवशी बाळ पाळण्यात, पाठीवर निजलेले असावे. आल्याआल्या बाळाला आपल्या हाती सोपवू नये, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. चार तास झोप, मग बाळ.

आठवी पायरी : जिल्हा रेसिडेन्सी आणि थीसिस

तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सहामाही सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावे लागते. यादी निघण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटून आपल्याला कोणते तीन महिने झेपतील ते मोठा कागद समोर ठेवून सांगावे. बाळाला सोबत न्यायचे तर आजी मोकळी असलेली तिमाही मागावी. आपल्या घराजवळचे रुग्णालय मिळाले, तर हेच तीन महिने सर्वात सुखाचे जातात. माझ्या मुलाने पहिले पाऊल याच काळात टाकले आणि मी ते पाहू शकले.

थीसिसचा विषय निवडताना रुग्ण दिवसाच्या ओपीडीत मिळतील आणि वारंवार पाठपुरावा लागणार नाही असा घ्यावा. परीक्षेच्या किमान सहा महिने आधी तो सादर करायचा असतो, आणि लाल खुणेचे महिने त्याआधीच येऊन जातात, हे लक्षात ठेवून माहिती गोळा करण्याचे काम उन्हाळ्यातच उरकावे.

नववी पायरी : बाळाच्या वडिलांची वाटणी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. त्यामुळे वडील निवासी डॉक्टर असतील, तर बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत ते पाहुण्यासारखे जाऊन येतात आणि नंतर सांभाळाची सवयच लागत नाही. पितृत्व रजा प्रसूतीच्या दिवसांत घ्यायची की बाळ घरी येईल तेव्हा, हे नियमातली मुदत पाहून ठरवावे. माझ्या मते दुसरा पर्याय बाळाच्या अधिक कामी येतो. अंगावर पाजणे सोडून सर्व कामे त्यांना आली पाहिजेत आणि आईच्या इमर्जन्सीच्या रात्री घरचा प्रत्येक निर्णय त्यांनी घ्यावा, त्यासाठी वॉर्डात फोन करू नये. माझे पती शिक्षक आहेत. बाळाला ताप आला तर किती वजनाला किती पॅरासिटामॉल आणि कोणत्या लक्षणांवर थेट रुग्णालयात यायचे, हे मी त्यांना कागदावर लिहून दिले होते; त्या कागदाने माझ्या कितीतरी रात्री शांत केल्या.

बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, संधी असूनही झोप न लागणे किंवा जगणे नको वाटणे असे झाले, तर तो थकवा म्हणून सोडून देऊ नये. आपल्याच महाविद्यालयातील मानसोपचार विभागात जाण्याचा संकोच वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. वडिलांनाही हे होऊ शकते, आणि ते सहसा बोलत नाहीत.

दहावी पायरी : बंधपत्राचे वर्ष

परीक्षा झाली की शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांना एका वर्षाची बंधपत्रित, म्हणजे प्रवेशावेळी लिहून दिलेली सक्तीची शासकीय, सेवा असते. तोवर मूल तीन-चार वर्षांचे झालेले असते आणि अंगणवाडी किंवा शाळेचा प्रश्न समोर येतो. पसंतीक्रम भरण्याआधी त्या गावी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. क्वार्टरला पाणी कोणत्या वेळी येते, रात्री वीज किती वेळ जाते, अंगणवाडी किती अंतरावर आहे, जवळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत रस्ता पावसाळ्यात चालू राहतो का, हे तेथील एएनएम (परिचारिका) ताई आणि शिपाई दादा यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. क्वार्टरच्या मागे गवत वाढलेले असेल, तर सामान नेण्यापूर्वी ते काढून घ्यावे आणि दाराखालची फट बंद करून घ्यावी. सर्पविषावरचे औषध रुग्णालयात असले, तरी मुलाला जमिनीवर झोपवू नये आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून लावावी.